गळवावरील लेप व मलमे : 'ओढून काढण्या'ची समजूत आणि सुरक्षित वापराच्या मर्यादा

सारांश

गळू, केसतूड, नखुरडे किंवा त्वचेत रुतलेला काटा यांवर 'ओढणारा' लेप अथवा मलम लावण्याची प्रथा प्राचीन आणि जगभर प्रचलित आहे. अशी मलमे पू खरोखर ओढून काढतात काय, त्यांचा उपयोग नेमका कोठपर्यंत होतो आणि कोठून पुढे अपाय सुरू होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे. त्यासाठी सुश्रुतसंहितेतील व्रणशोथविचार, इक्थॅमॉल व मॅग्नेशियम सल्फेट या द्रव्यांचे कार्य आणि त्वचा जाळणाऱ्या लेपांचे धोके यांचा आधार घेण्यात आला आहे. लेप हा उपचाराचा पर्याय नसून मोजक्या दिवसांचे साहाय्य होय, हा या विवेचनाचा मुख्य निष्कर्ष आहे.

बीजशब्द : गळू, पोटीस, उपनाह, इक्थॅमॉल, मॅग्नेशियम सल्फेट, दाहक लेप, प्रथमोपचार.

प्रस्तावना

अंगावर गळू आले किंवा पायात काटा मोडला की 'काहीतरी ओढणारे लावा' हा सल्ला महाराष्ट्रातील घराघरांतून आजही ऐकावयास मिळतो. भाजलेला कांदा हळद लावून बांधणे, कणकेचे अथवा जवसाचे गरम पोटीस ठेवणे, गूळ-चुन्याचा लेप देणे, काट्यावर रुईचा चीक घालणे असे याचे अनेक प्रकार आहेत. औषधांच्या दुकानात मिळणारे काळपट, डांबरासारख्या वासाचे मलमही याच हेतूने वापरले जाते. या सर्वांमागील कल्पना एकच आहे. आत साचलेला पू, काटा किंवा 'घाण' लेपाच्या बळाने बाहेर ओढली जाते, अशी ती कल्पना होय.

ही कल्पना निरुपद्रवी वाटते. परंतु तिच्यामुळे रुग्णाचे वर्तन ठरते. लेप ओढण्याचे काम करीतच आहे, असा विश्वास असलेला माणूस वाट पाहत राहतो. लहान पुळीच्या बाबतीत या वाट पाहण्याने फारसे बिघडत नाही. मधुमेही व्यक्तीच्या पायावरील गळू किंवा ओठाजवळील केसतूड यांच्या बाबतीत मात्र हेच दोन-चार दिवस निर्णायक ठरू शकतात. म्हणून या मलमांचे खरे कार्य व त्यांच्या मर्यादा समजून घेणे अगत्याचे ठरते.

गळू : स्वरूप व कारणे

केसाच्या मुळाशी किंवा त्वचेवरील सूक्ष्म जखमेतून जिवाणूंचा शिरकाव झाला की तेथे दाह सुरू होतो. बहुतेक गळवांना कारणीभूत असणारा जिवाणू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. स्कॉटलंडमधील शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० च्या दशकाच्या आरंभी गळवांतील पुवाचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करून हे जिवाणू ओळखले आणि द्राक्षांच्या घोसासारख्या त्यांच्या रचनेवरून ग्रीक शब्दाच्या आधारे त्यांना नाव दिले. हा जिवाणू अनेक निरोगी माणसांच्या नाकात व त्वचेवरही आढळतो. त्वचेचे आवरण भंगले की तो रोगकारक ठरतो.

जिवाणूंचा प्रतिकार करण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी त्या जागी जमा होतात. मृत पेशी, जिवाणू व नष्ट झालेल्या ऊती यांचे मिश्रण म्हणजे पू. शरीर या पुवाभोवती एक भित्तिका तयार करते. तिच्यामुळे संसर्ग पसरण्यास अटकाव होतो. परंतु त्याच भित्तिकेमुळे रक्तातून येणारे औषध आत पुरेसे पोहोचत नाही. पुवाने भरलेल्या मोठ्या गळवावर केवळ प्रतिजैविके पुरेशी का ठरत नाहीत आणि छेद देऊन निचरा करणे हाच मुख्य उपाय का मानला जातो, याचे कारण येथे सापडते.

केसाच्या एकाच मुळाशी झालेले गळू म्हणजे केसतूड. शेजारशेजारची अनेक मुळे एकाच वेळी पिकून अनेक तोंडांचे मोठे गळू तयार झाल्यास त्यास काळपुळी म्हणतात. काखेत होणाऱ्या गाठींना काखमांजरी आणि पापणीच्या कडेवरील गळवास रांजणवाडी ही नावे मराठीत रूढ आहेत. नावे भिन्न असली तरी सर्वांच्या बाबतीत एक प्रश्न समान असतो. तो असा की, सूज अद्याप कच्ची आहे की पिकली आहे?

सुश्रुतसंहितेतील आम-पक्व विचार

हा प्रश्न सुश्रुतसंहितेने स्वतंत्र अध्यायाचा विषय केला आहे. सूत्रस्थानातील सतराव्या अध्यायात व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था वर्णिल्या आहेत. आम अवस्थेत सूज व वेदना अल्प असतात, त्वचेचा वर्ण फारसा बदललेला नसतो आणि स्पर्श कठीण लागतो. पच्यमान अवस्थेत सुया टोचल्यासारख्या, मुंग्या चावल्यासारख्या वेदना होतात. बसता-निजता चैन पडत नाही. ताप, तहान व अन्नाविषयी अरुची ही लक्षणे दिसतात. पक्व अवस्थेत ठणका कमी होतो, त्वचेवर सुरकुत्या दिसू लागतात, बोटाने दाबल्यास खळगा पडतो आणि पिशवीतील पाण्याप्रमाणे आतील पू हलताना जाणवतो. आजचे शल्यचिकित्सकही निचरा करण्यापूर्वी हेच अखेरचे लक्षण बोटांनी तपासतात.

याच अध्यायात कच्ची सूज कापणारा आणि पिकलेल्या सुजेची उपेक्षा करणारा, या दोघांनाही सारख्याच कठोर शब्दांत दोषी ठरविले आहे. घाई आणि दिरंगाई यांचे माप एकच धरणारी ही दृष्टी प्रस्तुत विषयाच्या संदर्भात महत्त्वाची आहे.

पोटिसाशी समांतर असणाऱ्या उपक्रमास संहितेत 'उपनाह' अशी संज्ञा आहे. चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायातील साठ उपक्रमांत त्याचा समावेश होतो. उपनाहाचे फळ सांगताना कच्ची सूज त्याने शमते आणि पाक सुरू झालेली सूज पिकते, असे प्रतिपादन आहे. लेप पू ओढून घेतो, असे येथे म्हटलेले नाही. सूज एक तर बसेल किंवा पिकेल. पिकल्यानंतरचे काम शस्त्राचे, अशी ही मांडणी आहे. बालक, वृद्ध, दुर्बल व शस्त्राला भिणारे रुग्ण यांच्यासाठी गळू फोडणाऱ्या तीक्ष्ण द्रव्यांचा 'दारण' हा उपक्रम वेगळा सांगितला आहे. सौम्य लेप व तीक्ष्ण लेप यांतील हा भेद लोकव्यवहारात पुढे पुसट झाला आणि त्यातूनच आजचे अनेक अपाय उद्भवतात.

प्रचलित द्रव्ये व त्यांचे कार्य

१. उष्ण शेक व पोटीस : उष्णतेमुळे त्या जागी रक्तपुरवठा वाढतो, वेदना कमी होते आणि लहान गळू बसण्यास किंवा त्यास तोंड पडण्यास मदत होते. कणीक, जवस अथवा कांदा यांच्या पोटिसाचा मुख्य गुण म्हणजे ते बराच वेळ उष्णता व ओलावा धरून ठेवते. तोच परिणाम गरम पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याने अधिक निर्धोकपणे साधता येतो. अखंड त्वचेवर पोटीस लावल्याने फारसे बिघडत नाही. परंतु फुटलेल्या गळवावर पीठ, हळद किंवा कांदा लावल्यास जखमेत नवे जंतू व कण शिरण्याची शक्यता असते.

२. इक्थॅमॉल : जीवाश्म माशांचे अवशेष असलेल्या तैलयुक्त शेल खडकापासून मिळणाऱ्या तेलावर गंधकाम्लाची व त्यानंतर अमोनियाची प्रक्रिया करून हे द्रव्य तयार होते. माशासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यास नाव मिळाले. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सन उन्ना यांनी १८८० च्या दशकात ते त्वचाविकारांच्या उपचारांत आणले. सामान्यतः १० ते २० टक्के प्रमाणातील मलम वापरले जाते. त्यात सौम्य दाहशामक व सौम्य जंतुरोधक गुण आहेत. भारतात कान-नाक-घसा तज्ज्ञ बाह्यकर्णाच्या दाहावर इक्थॅमॉल व ग्लिसरीन यांच्या मिश्रणात भिजवलेली पट्टी अनेक वर्षांपासून वापरत आले आहेत.

३. मॅग्नेशियम सल्फेट : ब्रिटनमध्ये 'मॉरिसन पेस्ट' या नावाने परिचित असलेल्या मलमात शुष्क मॅग्नेशियम सल्फेट व ग्लिसरीन ही मुख्य द्रव्ये असतात. दोन्ही द्रव्ये पाणी शोषून घेणारी आहेत. सलाईनच्या सुईमुळे आलेली हाताची सूज उतरावी म्हणून भारतीय रुग्णालयांत परिचारिका 'मॅगसल्फ-ग्लिसरीन'ची पट्टी ठेवतात, तिच्यामागील तत्त्वही हेच होय.

'ओढणे' या शब्दाला थोडाफार शास्त्रीय आधार आहे तो या तिसऱ्या द्रव्यात. तीव्र क्षारद्रावणाकडे पाणी खेचले जाते, हा परासरणाचा नियम सर्वपरिचित आहे. परंतु खेचले जाते ते पाणी. त्वचेचा सर्वांत बाहेरचा शृंगी थर मिलिमीटरच्या केवळ शंभराव्या ते पन्नासाव्या भागाइतका जाड असला, तरी तो पेशी, जिवाणू किंवा काट्याचा तुकडा यांना ओलांडू देत नाही. गळवास तोंड पडलेले असेल तर क्षाराच्या पेस्टमुळे पृष्ठभागावरील स्राव शोषला जातो आणि निचऱ्यास काहीसे साहाय्य होते. अखंड त्वचेखालील खोल पू मात्र कोणत्याही मलमाने ओढला जात नाही. मलम लावल्यानंतर गळू फुटते, त्याचे मुख्य कारण शरीराने स्वतः पूर्ण केलेली पाकाची प्रक्रिया हे असते. या मलमांवर झालेल्या नियंत्रित चाचण्या थोड्या आहेत आणि त्यांचे स्थान मुख्यतः दीर्घ अनुभवावर टिकून आहे.

सुरक्षित वापराची पद्धत

लहान, वरवरचे केसतूड, त्वचेत आत वळलेला केस किंवा वरवरच्या काट्यामुळे आलेली किरकोळ सूज, एवढ्याच मर्यादेत या मलमांचा घरगुती वापर योग्य ठरतो. त्यासाठी पुढील क्रम पाळावा.

अ) प्रथम हात साबणाने धुवावेत. बाधित जागाही साबण व पाण्याने स्वच्छ करून कोरडी करावी.

आ) सोसवेल इतक्या गरम पाण्यातील फडक्याने १० ते १५ मिनिटे, दिवसातून तीन ते चार वेळा शेक द्यावा. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली असल्यास शेक किंवा पोटीस देऊ नये. चटका न जाणवल्यामुळे त्वचा भाजण्याचा धोका असतो.

इ) मलम प्रथमच वापरताना हाताच्या आतील बाजूस थोडेसे लावून एक दिवस वाट पाहावी. लाली किंवा खाज आल्यास ते वापरू नये.

ई) मलमाचा थर केवळ बाधित जागेवर द्यावा आणि वर निर्जंतुक गॉज ठेवून सैलसर पट्टी बांधावी. मॅग्नेशियम सल्फेटची पेस्ट वापरण्यापूर्वी ढवळून घ्यावी. पट्टी दिवसातून एक-दोन वेळा बदलावी आणि प्रत्येक वेळी जुने मलम धुऊन काढावे. इक्थॅमॉलचे डाग कपड्यांवर पडतात, याची नोंद असावी.

उ) गळू पिळू नये, सुईने फोडू नये. पिळल्यामुळे भित्तिका फुटून संसर्ग आतील बाजूस पसरू शकतो. आपोआप फुटल्यास पू गॉजने टिपून घ्यावा, जागा धुवावी आणि झाकून ठेवावी. टॉवेल, दाढीचे पाते व चादर इतरांनी वापरू नये.

ऊ) डोळे, तोंड, गुप्तांग, खोल जखम व भाजलेली त्वचा यांवर मलम लावू नये. रांजणवाडीवर केवळ शेक द्यावा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मॅग्नेशियमची पेस्ट सोललेल्या किंवा मोठ्या भागावर वापरू नये. लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

काट्याच्या बाबतीत मलमाची वाट पाहणे योग्य नाही. दिसणारा काटा स्वच्छ चिमट्याने, तो ज्या दिशेने शिरला त्याच दिशेने बाहेर काढावा. लाकडाचा किंवा बाभळीचा तुकडा आत राहिल्यास संसर्ग टिकून राहतो. धनुर्वाताच्या लसीकरणाची चौकशी करावी. मळक्या जखमेसाठी शेवटच्या मात्रेस पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असल्यास पुन्हा मात्रा घेण्याची शिफारस केली जाते.

त्वचा जाळणारे लेप

काही द्रव्ये त्वचा मऊ करीत नाहीत, तर ती जाळतात. बिब्ब्याच्या तेलातील द्रव्यामुळे त्वचेवर फोड येऊन तीव्र दाह होतो. रुईचा चीक काट्यावर घालताना डोळ्यात उडाल्यास पारपटलास इजा होते. चुना अल्कधर्मी असल्याने नाजूक त्वचेवर भाजल्यासारखी जखम करतो. अशा वेळी पडणारी काळी खपली 'घाण बाहेर पडली' याची खूण समजली जाते. वास्तविक ती मृत त्वचा असते.

याच प्रकारातील एक लेप पाश्चात्त्य देशांत 'काळे मलम' म्हणून विकला जातो. त्यात जस्ताचे क्लोराइड आणि उत्तर अमेरिकेतील 'ब्लडरूट' या वनस्पतीचा अर्क असतो. इक्थॅमॉलचे मलमही काळेच असल्याने या नामसाम्यातून घोटाळा होतो. तीळ, चामखीळ, एवढेच नव्हे तर त्वचेचा कर्करोगही या लेपाने ओढून काढता येतो, असा प्रचार केला जातो. प्रत्यक्षात वरची त्वचा जळून व्रण भरतो आणि कर्करोग खाली वाढत राहू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या लेपाविरुद्ध सावधगिरीचा इशारा दिला आहे. अमेरिकन शल्यचिकित्सक फ्रेडरिक मोस यांनी १९३० च्या दशकात जस्ताच्या क्लोराइडची पेस्ट कर्करोगाच्या उपचारात वापरली होती, हे खरे आहे. परंतु ती ऊती जागच्या जागी स्थिर करण्यासाठी होती. त्यानंतर प्रत्येक थर कापून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जात असे. तपासणी वगळून केवळ पेस्ट उचलणे म्हणजे त्या पद्धतीचा प्राणच काढून घेणे होय.

ब्लडरूटमधील सँग्विनारीन हे अल्कलॉइड भारतास अपरिचित नाही. महाराष्ट्रातील पडीक जमिनीवर उगवणाऱ्या पिवळ्या धोतऱ्याच्या बियांतही ते असते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलातील या बियांच्या तेलाच्या भेसळीमुळे जलशोथाची साथ उद्भवून अनेकांचा मृत्यू झाला होता. 'वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक' या समजुतीस हे पुरेसे उत्तर आहे.

वैद्यकीय साहाय्य केव्हा घ्यावे

पुढीलपैकी एकही लक्षण असल्यास लेप थांबवून त्वरित वैद्यकीय साहाय्य घ्यावे.

१. ताप, थंडी वाजणे किंवा गळवापासून निघणारी लाल रेघ. काखेत अथवा जांघेत अवधाण येणे.
२. सभोवतालची लाली वेगाने पसरणे किंवा दिसणाऱ्या सुजेच्या मानाने वेदना अतिशय तीव्र असणे.
३. नाक व वरचा ओठ यांच्या परिसरातील, डोळ्याजवळील, पाठीच्या कण्यावरील किंवा गुदद्वाराजवळील गळू.
४. बोटाच्या पेरात ठणकणारी सूज; तेथील बंदिस्त जागेत पू साचल्यास हाडासही इजा होऊ शकते.
५. पाच सेंटिमीटरहून मोठे गळू, अनेक तोंडांची काळपुळी किंवा दोन-तीन दिवसांत उतार न पडणे.
६. मधुमेह, कर्करोगावरील उपचार किंवा अन्य कारणाने रोगप्रतिकारशक्ती कमी असणे; तसेच तान्ही बालके.

चेहऱ्यावरील शिरांचा कवटीच्या आतील शिरांशी संबंध असल्याने तेथील संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचण्याची शक्यता असते. रशियन संगीतकार अलेक्झांडर स्क्रियाबिन यांचा १९१५ साली ओठावरील गळवातून झालेल्या रक्तदोषाने मृत्यू झाला. त्या काळी प्रतिजैविके नव्हती. आज ती आहेत, मात्र रुग्ण वेळेवर पोहोचला तरच त्यांचा उपयोग होतो. वारंवार गळवे येत असल्यास रक्तातील साखर तपासून घेणे आवश्यक आहे. गळू हीच अनेकदा मधुमेहाची पहिली सूचना ठरते.

कायदा व शैक्षणिक संदर्भ

औषधे व जादूटोणासदृश उपचार आक्षेपार्ह जाहिरात कायदा, १९५४ नुसार कर्करोग, मधुमेह इत्यादी अनुसूचित विकार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधी जाहिरातींस मनाई आहे. मलम घेताना वेष्टनावरील घटकद्रव्ये, उत्पादन परवाना क्रमांक व मुदत पाहावी. घटक न सांगणारे मलम घेऊ नये. 'ओढणारे' म्हणून हाती दिले जाणारे स्टेरॉइडयुक्त मिश्र मलमही टाळावे. स्टेरॉइडमुळे लाली दबते आणि संसर्ग मात्र आत वाढत राहतो.

वसतिगृहे, क्रीडा विभाग आणि राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे येथे काटा, फोड व केसतूड या नित्याच्या तक्रारी असतात आणि पहिला सल्ला बहुधा प्राध्यापकांकडेच मागितला जातो. प्रथमोपचार पेटीत निर्जंतुक गॉज, चिमटा, साबण व तापमापक असणे मलमापेक्षा अधिक उपयुक्त आहे. वर दिलेली सहा लक्षणे पेटीच्या झाकणावर चिकटवून ठेवल्यास निर्णय सुकर होईल. हा विषय वर्गातही उपयोगी पडणारा आहे. परासरणासाठी रसायनशास्त्र, सँग्विनारीनसाठी वनस्पतिशास्त्र, आम-पक्व विचारासाठी संस्कृत आणि जाहिरात कायद्यासाठी विधी अशा अनेक विद्याशाखा त्यात एकत्र येतात.

निष्कर्ष

पोटीस, इक्थॅमॉल व मॅग्नेशियम सल्फेट यांचे काम मर्यादित असले तरी खरे आहे. ती वेदना कमी करतात, त्वचा मऊ करतात आणि उघड्या तोंडावरील स्राव शोषून घेतात. अखंड त्वचेतून पू, काटा किंवा रोग ओढून काढण्याची शक्ती त्यांच्यात नाही. म्हणून या मलमांच्या वापरास दोन-तीन दिवसांची मुदत घालावी आणि त्या मुदतीत ताप, लाली व ठणका यांवर लक्ष ठेवावे. सूज बसली तर काम झाले; न बसल्यास रुग्णास डॉक्टरांकडे न्यावे. कच्च्यावर शस्त्र नको आणि पिकल्यावर उपेक्षा नको, हे सुश्रुतसंहितेतील सूत्र आजच्या वैद्यकासही मान्य होण्यासारखे आहे. लेपाचा सुरक्षित वापर या दोन्ही टोकांचे भान ठेवण्यावर अवलंबून आहे.